पोर्तुगीज पद्धतीची भोकं

आमच्या घराच्या पुढच्या भिंतीला भोकं आहेत. चौकोनी, हाताचा पंजा सहज आत जाईल एवढी, एका रांगेत, हात वर केला की लागतील अशा उंचीवर. पहिल्यांदा घरी आलेला माणूस चहा येईपर्यंत कसाबसा दम धरतो आणि मग विचारतो, "तात्या, ही भोकं कशासाठी वो?" सुरुवातीला मी याची वेगवेगळी उत्तरं देत असे. हवा खेळती राहावी म्हणून, असं एकाला सांगितलं. जुन्या काळी यातून बंदुका रोखायचे, असं दुसऱ्याला. जो फारच चौकस निघाला त्याला "पोर्तुगीज पद्धत आहे" असं म्हणून गप्प केलं. पोर्तुगीज म्हटलं की शेळगावात पुढचं कुणी विचारत नाही.

माझं इंदापुरात ठिबकच्या नळ्यांचं दुकान आहे आणि शेळगावात डाळिंबाची बाग. शिक्षण म्हणाल तर बारामतीच्या कॉलेजातून इतिहास घेऊन बी.ए. झालो, आणि झाल्या दिवसापासून इतिहासाचं एकही पुस्तक उघडलं नाही. पण आपण इतिहासाचे विद्यार्थी आहोत ही हवा डोक्यातून काही गेली नाही. नळीचं बंडल मोजून देतानाही मी गिऱ्हाइकाला शिलाहार, यादव ऐकवायचो. लोक घाईत असल्यामुळे ऐकून घ्यायचे.

तर, नळ्या बनवणाऱ्या एका कंपनीनं आम्हा दुकानदारांना सहलीला अलिबागला नेलं. बाकीचे सगळे हॉटेलातल्या पोहायच्या हौदात जाऊन डुंबू लागले. मला पोहता येत नाही. ते लपवायला मी म्हणालो, "तुमचं चालू द्या, मी जरा जुन्या वास्तू बघून येतो." असं बोलून गेल्यावर कुठंतरी जाणं भागच होतं. रिक्षावाल्याला विचारलं तर तो म्हणाला, रेवदंड्याला चला, पोर्तुगीजांचं लय काय काय पडलंय तिकडं.

पडलंय हा शब्द त्यानं बरोबर वापरला होता. रस्ता कोटाच्या भिंतीतून सरळ आत शिरतो आणि आत गाव नांदतं आहे. नारळी-पोफळीच्या वाड्यांमध्ये मधेच एखादी प्रचंड भिंत उभी, मधेच एखादी कमान. छप्पर कशालाच नाही. काळ्या दगडावर कुठंकुठं अजून चुना चिकटलेला, दगडांच्या सांध्यात पिंपळ उगवलेले. एका देवळाएवढ्या उंच कमानीत कुणीतरी दोरी बांधून लुगडी वाळत घातली होती. मी एका भिंतीपुढे जाऊन थांबलो. मधे मोठी कमान, दोन्ही बाजूंना खिडक्यांच्या रिकाम्या चौकटी आणि डोक्याच्या जरा वर चौकोनी भोकांची रांग. पलीकडे समुद्राचा आवाज येत होता. आणि मला आतून वाटायला लागलं की ही भिंत आपल्या ओळखीची आहे. याचा अर्थ मी तिथल्या तिथं लावून टाकला. माझ्यात कलादृष्टी आहे. इतकी वर्षं नळ्या विकण्यात ती वाया गेली, एवढंच.

मोबाइलची बॅटरी संपेपर्यंत मी त्या भिंतीचे फोटो काढले.

त्या वेळी शेळगावात आमच्या नव्या घराचं जोतं भरून झालं होतं. बारामतीच्या इंजिनिअरनं नकाशा काढून दिला होता आणि तो नकाशा हल्ली सगळ्यांचा असतो तसाच होता. पुढं काचेच्या कठड्याची गच्ची, बाजूला जिना, स्टीलचे चकचकीत पाइप. मी त्याच्यापुढे मोबाइल धरला आणि म्हटलं, "पुढचा भाग असा पाहिजे." त्यानं फोटो मोठा करून पाहिला, छोटा करून पाहिला. शेवटी म्हणाला, "आतलं घर माझ्या नकाशानं बांधा. पुढची भिंत तुम्ही आणि तुमचा मिस्त्री बघून घ्या. फक्त माझं नाव कुठं सांगू नका."

या सगळ्याचं मूळ खरं तर रेवदंड्यात नव्हतं. आमच्या भागात गोऱ्या साहेबाचं म्हणून जे उरलंय ते कालव्याचं. कालव्यावरचे दगडी पूल, आणि पाणीखात्याच्या साहेबांसाठी बांधलेला उंच छताचा, रुंद व्हरांड्याचा बंगला. शाळकरी वयात एकदा त्या व्हरांड्याच्या पायरीवर सावलीला टेकलो होतो, तर शिपायानं येऊन हाकललं. तेव्हापासून कमान आणि व्हरांडा पाहिला की मला वाटायचं, अशा ठिकाणी आपण पाय पसरून बसलो की जिंकलो. इंग्रज वेगळे आणि पोर्तुगीज वेगळे हे बी.ए.ला शिकवलं होतं. पण घर बांधताना माणसाला कुठं आठवतंय.

मिस्त्री बावड्याचा होता. कामाला चोख, बोलायला कमी, आणि सांगितलेलं करणारा. हा शेवटचा गुणच मला नडला. मी फोटो त्याच्या मोबाइलवर टाकला आणि इंदापूरला दुकानात जाऊन बसलो. अधूनमधून त्याचा फोन यायचा.

"तात्या, वरली बाजू पडल्याली दिसतीया. पडल्यालीच ठिवू का पुरी करू?"

"पुरी कर. पडकं घर कोण बांधतं?"

"बरं. आन ती भोकं?"

दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी होती, नळ्यांची गाडी दारात उभी होती. पण गर्दीपुढे बोलताना माझ्या अंगात येतं. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "फोटोत हाय तस्संच. एवढंसुद्धा इकडचं तिकडं करायचं न्हाय. ऐतिहासिक काम हाय हे."

त्यानं तसंच केलं. काळ्या दगडाची उंच भिंत, मधे कमान, कमानीला दोन्ही बाजूंनी खांब आणि त्याच उंचीवर भोकांची सुबक रांग. प्रत्येक भोकाला आतून गिलावा करून कडा काढलेल्या. खांब फोटोत नव्हते, ते मी बारामतीत तयार मिळतात ते आणून बसवले, कारण खांबांशिवाय ते मला साहेबाचं वाटेना. या भिंतीच्या मागे इंजिनिअरचं साधं चौकोनी घर लपून बसलं होतं.

गावानं घराला नावं ठेवायला वेळ लावला नाही. कुणी चर्च म्हणालं, कुणी स्टेशन, एकजण गाडी थांबवून विचारून गेला की हे मंगल कार्यालय कधी सुरू होणार. बायको पहिल्या दिवशी अंगणात उभी राहून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "चांगलं झालं. आता तिकीट किती ठेवायचं तेवढं सांगा." भोकांत साळुंक्यांनी लगेच घरटी केली. त्यांना पद्धत पसंत पडली, एवढं तरी समाधान होतं.

एका माणसानं मात्र काहीच म्हटलं नाही, आणि घर खरं तर त्याच्यासाठी होतं. माझे वडील. आम्ही त्यांना आबा म्हणतो.

आबांनी ऐंशी कधीच ओलांडली. आमच्या घरात मेंढरं होती तोवर ते एका जागी राहिले नाहीत. दसरा झाला की कळप घेऊन घाट उतरायचा, कोकणात रानोरान फिरायचं आणि पावसाच्या आधी देशावर परत यायचं, असं त्यांचं निम्मं आयुष्य गेलं. मी पाळण्यातून उतरलो असेन नसेन तेव्हा आमच्या वावरात कालव्याचं पाणी आलं, मेंढरं गेली आणि आबांनी विहिरीजवळ पत्र्याची खोली घातली. त्यामुळे घाटाखालचं मला काही आठवत नाही. मी कधी विचारलंही नाही, आणि आबा आपणहून सांगत बसणाऱ्यातले नव्हेत. पुढे आम्ही गावठाणात राहायला गेलो तरी आई आणि आबा त्या खोलीतच राहिले. आई तिथंच गेली. त्यानंतर आबा एकटेच, चार शेळ्यांना घेऊन.

मागच्या पावसाळ्यात विहिरीच्या थारोळ्यापाशी, मोटेचं पाणी पडायचं त्या कुंडाशी, शेवाळावरून त्यांचा पाय घसरला. बायको भाकरी घेऊन गेली तेव्हा ते चिखलात आडवे होते आणि शेळी त्यांच्या अंगावरचं घोंगडं चावत उभी होती. हाड मोडलं नाही, पण त्या दिवसापासून माझ्या जिवाला घोर लागला. ते घरात आल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं. नवं घर रस्त्याकडेला, पत्र्याची खोली बागेच्या पार दुसऱ्या टोकाला. हाक मारली तरी ऐकू येत नाही.

म्हणून तळमजल्याला त्यांच्यासाठी खोली काढली होती. धरायला कठडे लावलेला संडास, खिडकीत जाळी, पंखा, गादी. वास्तुशांतीला ते आले. जेवले. कमानीखाली उभे राहिले, मान वर करून भोकांकडे टक लावून बघितलं. मी उत्तर तयार ठेवलं होतं, पण त्यांनी विचारलंच नाही. हात धुतले आणि काठी घेतली.

"आबा, आता कुठं? ही तुमची खोली."

"चांगलं बांधलंस," ते म्हणाले. "पन हितं कुनीतरी सायब ऱ्हातोय असं वाटतं बग. मला हटकंल कुनी."

आणि गेले. मी लहानपणापासून ज्या घराची आस धरली होती ते मला मिळालं, आणि माझ्याच बापाला त्याच्या पायरीवर बसायची भीती वाटली. हे माझ्या फार जिव्हारी लागलं. बायकोपाशी मी ते चिडून बोललो, कारण मला वाईट वाटलं की मी चिडतो. ती म्हणाली, "त्यांच्यावर कशाला चिडता? घराकडं बगून मलासुदिक चप्पल काढावी का ठिवावी कळत न्हाय."

मग मी युक्त्या केल्या. कुस्त्या लागल्यात म्हणून टीव्ही बघायला बोलावलं, तर ते अंगणात उभे राहून खिडकीतून कुस्ती बघून गेले. गादीवर झोप लागत नसेल म्हणून त्यांची खाट आणवली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी खाट डोक्यावर घेऊन परत. शेवटी माझ्या सुपीक डोक्यात आलं, की आबांना या घराचं महत्त्व कळलेलं नाही. ते एकदा पटवून दिलं की प्रश्न मिटला. मूळ वास्तूच दाखवली पाहिजे. माझ्या आयुष्यातल्या बऱ्याच अडचणी दुसऱ्याला काहीतरी पटवून देण्याच्या या खोडीतून आलेल्या आहेत.

थंडीत डाळिंबाचा माल गेल्यावर आम्ही निघालो. बायको म्हणाली, "मी पन येती. तुमचं भाशन ऐकायला कुनीतरी जागं पायजे." बारामती मागे पडल्यापासून मी सुरुवात केली. पोर्तुगीज कसे आले, मसाल्याचा व्यापार, कमानीचा दगड कसा तासतात, चुन्यात गूळ कसा घालतात. यातलं निम्मं मी आदल्या दिवशी मोबाइलवर वाचलं होतं आणि निम्मं तेव्हाच सुचत होतं. आबा मागच्या सीटवर काठी दोन्ही हातांत धरून ताठ बसले होते. भोरच्या पुढे वरंध घाटाला गाडी लागली तेव्हा त्यांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. "काच खाली घे," म्हणाले. मग घाट उतरेपर्यंत वळणावळणाला डोकं बाहेर काढून खाली दरीत बघत राहिले. मला वाटलं, गाडी लागत असेल. मी पिशवी पुढे केली. त्यांनी ती पायाखाली ठेवली.

रेवदंड्यात पोचल्यावर मी दोघांना आधी उंच बुरुजाकडे नेलं. गाववाले त्याला सातखणी म्हणतात. मी हात वर करून सांगितलं, "सात मजल्यांचा होता."

बायकोनं आत डोकावून वर पाहिलं. "मजलं कुठायत?"

"पडले."

"मग ते कशावर टेकवल्यालं हुतं?"

मी वर पाहिलं. आतल्या भिंतीला चौकोनी भोकं होती, एका रांगेत. त्यांच्या वर काही अंतरावर पुन्हा तशीच रांग. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या भोकांत कधीकाळी लाकडाच्या तुळया बसवलेल्या होत्या. तुळयांवर फळ्या, फळ्यांवर माणसं. लाकूड कुजलं, मजले खाली आले आणि भोकं तेवढी राहिली. हवेची नव्हती, बंदुकांची नव्हती, पद्धत तर अजिबात नव्हती. मी माझ्या कोऱ्याकरकरीत घराला, सुबक कडा काढून, पडलेल्या मजल्याची भोकं ठेवून घेतली होती.

बायकोलाही ते त्याच क्षणी कळलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. "अवो, म्हंजी आपल्या भितीला..."

"गप बस," मी म्हणालो.

ती गप बसली, पण पदर तोंडाला लावून तिचे खांदे हलायला लागले. हसता हसता तिनंच आधी पाहिलं की आबा आमच्याजवळ नाहीत.

आम्ही शोधायला लागलो. मला आधी विहिरीच आठवल्या, वाड्यांमधून नुसत्या विहिरी आहेत तिथं. हाका मारत मी वाटेला लागलो, दिसेल त्या विहिरीत डोकावत. एका वळणावर ते दिसले. माझ्या फोटोतल्या भिंतीपुढे उभे होते. वर हात करून काठीचं टोक एका भोकात घातलं होतं आणि काठी हलवून बघत होते, घट्ट बसते का.

"हितं," ते म्हणाले.

"काय हितं?"

"आपलं बिऱ्हाड असायचं हितं."

मग आबा बोलायला लागले. माझ्या हयातीत मी त्यांना एका दमात इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. भाताची कापणी झाली की इथले शेतकरी मेंढरं वावरात बसवायला बोलवायचे. लेंडीखत होतं म्हणून. रातच्याला माणसं कळपाबरोबर त्या त्या वावरात. बायका, पोरं, कोकरं, कोंबड्या आणि घोड्यावरचं सामान मात्र या भिंतीच्या आडोशाला. भोकांत काठ्या खुपसायच्या, पुढं बेचक्याचे दोन खांब, म्हणजे मेढी, रोवायच्या, वरून घोंगड्या टाकायच्या, की झालं घर.

"फिरंग्याला इचार हुता बग," आबा म्हणाले. "आपल्यागत माणूस येनार, काठ्या घालायला जागा पायजे, म्हनून भोकं ठिवली त्येनं. न्हायतर ह्या भोकांचा दुसऱ्या कुनाला काय उपेग?"

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी इतिहासाचा विद्यार्थी. मी मान डोलावली.

"तुज्या भितीला ती भोकं बगितली तवाच मला वळख पटली," आबा पुढे म्हणाले. "म्हनलं, ह्याला कसं ठावं? ह्याच्यात तर तुजी झोळी हुती." त्यांनी काठी शेजारच्या भोकाला टेकवली. "हितं दांडी, आन दांडीला झोळी. लई रडका हुतास. दर्याचा आवाज आला की गप व्हायचास. घाट चढून वर गेलं की पुन्ना सुरू."

तर माझी कलादृष्टी ही अशी निघाली. ज्या भिंतीपुढे मला काहीतरी दिव्य ओळख पटली होती तिथं मी ओल्या दुपट्यात लोंबकळत होतो. तेवढ्याशा बाळाला काही आठवत नाही, हे मला माहीत आहे, बायकोनं परतीच्या वाटेवर ते दोनदा सांगितलंही. पण त्या वेळी भिंतीला लावलेला हात मला लवकर काढवला नाही, हेही खरंच आहे.

आबा भिंतीच्या बुडाशी उकिडवे बसले आणि तळहातानं जमीन साफ केल्यासारखं करत राहिले.

"तुज्या आईला ही भित लई आवडायची. समद्या वाटंनं उघड्यावर निजावं लागायचं. हितं आल्यावर म्हनायची, पाठीला भित असली की झोप लागती. ती हिकडं भितीकडं निजायची, मी भायलीकडं. कोल्हं-कुत्रं आलंच तर." त्यांनी हाताला लागलेली माती झटकली. "पानी आलं, वावर पिकाया लागलं, तवा म्हनली, आता एक दगडाची भित बांधा. म्हनलं, बांधू. पयलं इहीर झाली, मग पाइप झाली, मग तुजं शिक्षान. तिला भित पायजे हुती. मी पत्रा घातला."

मला रडू आलं, आणि ते लपवायला मी भिंतीचा एक फोटो काढला. आबांना आता घरी या असं म्हणायला मी त्यांना दोनशे मैलांवरून इथं आणलं होतं, पण आईला शेवटपर्यंत पत्राच मिळाला म्हणून ते पत्र्याची खोली सोडत नाहीत हे कळल्यावर ते म्हणायचं धाडस माझ्यात उरलं नाही. परत येताना गाडीत कुणीच व्याख्यान दिलं नाही.

गावी आल्यावर आबा नेहमीसारखे बागेच्या टोकाला निघून गेले. मी आशा सोडली. मिस्त्रीला बोलावून भोकं बुजवून घ्यावीत असं माझ्या मनात आलं. खरं कारण माहीत झाल्यावर ती दिवसभर माझ्याकडे बघत असल्यासारखी वाटायची. मिस्त्री म्हणाला, "बुजवतो की. पन साळुंक्यांची पिल्लं उडून जाऊ द्या." म्हणून ते राहिलं.

पुढच्याच आठवड्यात एका दुपारी दुकानातून जेवायला घरी आलो तर फाटकातूनच मला काहीतरी वेगळं दिसलं. माझ्या ऐतिहासिक भिंतीच्या भोकांतून बाभळीच्या दांड्या बाहेर आलेल्या होत्या. साळुंक्यांची दोन भोकं तेवढी सोडलेली. पुढं दोन मेढी रोवलेल्या आणि वरून आबांच्या घोंगड्या ताणून टाकलेल्या. खाली त्यांची खाट. बाजूला तीन दगडांची चूल, तिच्यावर चहाचं पातेलं, आणि चुलीचा धूर कमानीच्या पांढऱ्या रंगावरून सरळ वर चढलेला. बारामतीहून जपून आणलेल्या खांबांना शेळ्या बांधल्या होत्या. आबा खाटेवर बसून चिलीम भरत होते.

"आबा," मी म्हणालो, "आत खोली आहे."

"हाय की. कुठं जातीया? पावसाचं बगू."

मी आत जाऊन बायकोला म्हटलं, "पाहिलंस का हे?"

"पाहिलं. दांड्या मीच तर धरल्या." तिनं ताट वाढलं. "आलं ना घराला? आता आत का बाहेर, ह्याच्यावर भाशन नको."

ती म्हणते ते बरोबर होतं. आता सकाळी दार उघडलं की आबा दिसतात. रात्री खोकले तर ऐकू येतात. त्या धुरानं माझ्या पोर्तुगीज कमानीची जी काय शोभा व्हायची ती झाली, पण एक झालं, भोकं कशासाठी असं आता कुणी विचारत नाही. येणारा माणूस दांड्या बघतो, घोंगड्या बघतो आणि मान डोलावतो. बारामतीचा इंजिनिअर एकदा वाटेवर थांबला. त्यानं सगळीकडून बघितलं आणि म्हणाला, "हे मात्र तुम्हाला चांगलं सुचलं, तात्या." मी "व्हय" म्हणालो. एवढं श्रेय मला आयुष्यात कुणी दिलेलं नाही, ते मी कशाला सोडू.

परवाची गोष्ट. दुपारी आबा शेळ्या घेऊन कालव्याच्या कडेला गेले होते. मी सावलीला म्हणून त्यांच्या घोंगड्यांखाली शिरलो. बघतो तर खाट भिंतीपासून लांब, पार बाहेरच्या मेढींना टेकून. दुपारचं ऊन तिच्या पायथ्याशी येत होतं. भिंतीलगत चांगली गार जागा मोकळी पडलेली. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला खाट ओढवली नसेल. मी ती भिंतीला चिकटवून ठेवली, वाकळ झटकली, आणि आपण किती काळजी घेतो असं मनाशी म्हणत भिंतीला पाठ लावून खाटेवर पडलो. पाठीला गार दगड लागला आणि कधी डोळा लागला कळलं नाही.

आबांनी काठीनं पायाला डिवचून उठवलं.

"खाट कुनी सरकावली?"

"मी. तुमच्या पायांवर ऊन येत होतं."

त्यांनी खाटेचा खूर धरला आणि ओढायला लागले. मी उठून उभा राहिलो. खाट बाजूला झाली तेव्हा मला भिंतीलगतची ती मोकळी जागा नीट दिसली. आधी माझ्या ध्यानात आलं नव्हतं. एक माणूस आडवा होईल एवढी ती जागा रोजच्या रोज झाडलेली होती आणि शेणानं सारवलेली होती.

"भितीकडची जागा तिची हाय," आबा म्हणाले.

मी दुसऱ्या बाजूचा खूर धरला. दोघांनी मिळून खाट होती तिथं नेऊन ठेवली, बाहेरच्या अंगाला, उन्हात.